हवेला विमानात बंदी का?

काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या भाचीचा फोन आला. ती नाशिकच्या एका महाविद्यालयात शिकते. सुट्टी मिळाली की साल्हेर, हरिहर, कळसूबाई असे तिचे चाललेले असते. त्या वर्षी तिने गुलमर्गच्या स्कीइंग वर्गात नाव नोंदवले होते. ओझरच्या विमानतळावरून दिल्ली आणि तेथून श्रीनगर असा प्रवास होता. जिनिव्हात राहणाऱ्या तिच्या चुलतभावाने आपली हिमस्खलनात वापरायची पाठपिशवी तिला दिली होती. या पिशवीत एक फुगा घडी करून ठेवलेला असतो आणि शेजारी दाबाखाली भरलेल्या वायूचे छोटे सिलिंडर असते. खांद्यावरची मूठ ओढली की दोनतीन सेकंदांत फुगा फुगतो.

वाटेतल्या एका विमानतळावर सुरक्षा तपासणीत ते सिलिंडर काढून घेण्यात आले. परवानगी आहे असे तिने विमान कंपनीला फोन करून आधीच विचारून घेतले होते, पण लेखी काहीच हातात नव्हते.

"मामा, त्यात नुसता नायट्रोजन आहे रे! आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के तोच असतो. तो ना जळतो, ना विषारी. मग हवेला विमानात बंदी का? आणि आता ही रिकामी पिशवी घेऊन मी डोंगरावर जायचं का?"

तिचा राग समजण्यासारखा होता. पण तिने विचारलेले दोन्ही प्रश्न मला चांगले वाटले. पहिल्याचे उत्तर आठवी-नववीच्या विज्ञानात आहे. दुसऱ्याच्या उत्तरावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो. म्हणून दोन्ही प्रश्न येथे नीट उलगडून पाहू. सुरुवात दुसऱ्यापासून करू.

बर्फाखालची मिनिटे

आपल्या सह्याद्रीत दरड कोसळते, हिमालयात बर्फाचा थर घसरतो. उतारावर एकावर एक साचलेल्या थरांपैकी एखादा थर कच्चा असतो. वरून नवा बर्फ पडला, वारा सुटला किंवा एखादा स्कीपटू त्यावरून गेला की तो थर मोडतो आणि वरचा सगळा भाग खाली निघतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमध्ये 'द्रौपदी का डांडा-२' या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी अशाच हिमस्खलनात सापडले. २७ जणांचे मृतदेह हाती लागले, दोघे सापडलेच नाहीत. गुलमर्गच्या अफरवट उतारावर १ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले. ज्या उतारावर आपल्याकडची मुले शिकायला जातात, त्याच्याच वरच्या अंगाला ही घटना घडली.

बर्फाखाली माणूस प्रामुख्याने गुदमरून मरतो. स्वित्झर्लंडमध्ये गाडल्या गेलेल्या ४२२ स्कीपटूंच्या नोंदींवरून १९९४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के जगले होते. पस्तीस मिनिटांनंतर हे प्रमाण ३० टक्क्यांवर येते. या आकड्यांचा आलेख काढला तर पंधराव्या मिनिटानंतर तो कड्यावरून उतरावा तसा खाली येतो.

पस्तीस मिनिटांनंतर जे जगतात, त्यांच्या तोंडाजवळ बहुधा हवेची पोकळी राहिलेली असते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनवर गाडल्या गेलेल्या दहा जवानांपैकी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले. त्यांना वाचवता आले नाही, पण इतके दिवस ते तग धरून राहिले ही गोष्टच विलक्षण होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्यावर काम करणारे ५४ कामगार हिमस्खलनात सापडले, त्यांपैकी ४६ वाचले. अनेकांचा निवारा लोखंडी कंटेनरमध्ये होता. वरचा बर्फ कंटेनरच्या पत्र्याने पेलला आणि आत हवा शिल्लक राहिली.

डोंगर उतरून कोणाला मदतीला बोलावण्यात ही मिनिटे संपून जातात. म्हणून हिमप्रदेशात प्रत्येकाने तीन साधने अंगावर बाळगायची असतात: शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडे. वर सांगितलेली फुग्याची पिशवी हे चौथे साधन. पहिली तीन माणूस गाडला गेल्यावर कामी येतात. चौथे त्याला गाडले जाण्यापासून वाचवू पाहते.

फुगा वर कसा आणतो?

पुष्कळांना वाटते की फुगा माणसाला पाण्यावर तरंगवावे तसा बर्फावर तरंगवतो. हे अर्धेच खरे आहे. ८० किलो वजनाचा माणूस सामानासह सुमारे ८० लिटर जागा व्यापतो असे धरू. म्हणजे त्याची घनता पाण्याइतकी, घनमीटरला १,००० किलो. स्थिरावलेल्या हिमस्खलनाच्या ढिगाची घनता साधारण ३०० ते ५०० किलो असते. म्हणजे एरवी माणूस त्यात बुडायलाच हवा. १५० लिटरचा फुगा जोडला की वजन जवळपास तेच राहते, पण जागा २३० लिटर होते. सरासरी घनता सुमारे ३५० किलोवर येते. हा फरक मोठा आहे.

पण वाहणारा बर्फ हा काही द्रव नव्हे. तो लहानमोठ्या ढेकळांचा आणि कणांचा लोंढा असतो. अशा कणांच्या मिश्रणाची एक खोड आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. पोह्यांच्या चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात, मीठ आणि मसाला तळाशी जातो. हलताना मोठ्या तुकड्यांखाली ज्या फटी पडतात, त्यांत लहान कण घसरतात, पण लहान फटीत मोठा तुकडा मावत नाही. त्यामुळे मोठे तुकडे हळूहळू वर ढकलले जातात. फुगा माणसाला मोठा तुकडा बनवतो. लोंढा थांबेपर्यंत तो पृष्ठभागाजवळ राहण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

या पिशवीचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गंभीररीत्या हिमस्खलनात सापडलेल्यांचे मृत्यूचे प्रमाण फुगलेल्या पिशवीमुळे २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलेले दिसले. म्हणजे धोका निम्मा झाला, शून्य झाला नाही. त्याच अभ्यासात दर पाच पिशव्यांपैकी एक फुगलीच नव्हती. त्याचे मुख्य कारण म्हणजे मूठ ओढलीच गेली नव्हती. सिलिंडर नसलेली पिशवी ही अशीच न फुगणारी पिशवी. उलट, पाठीवर साधन आहे या समजुतीने माणूस नको तेथे जाण्याचे धाडस करतो.

मुठीत मावणारी ऊर्जा

आता पहिला प्रश्न घेऊ. समजा, सिलिंडरचे आकारमान ०.३ लिटर आहे आणि त्यातला दाब वातावरणाच्या ३०० पट आहे. आपल्या रिक्षांमधील सीएनजीच्या टाकीत तो सुमारे २०० पट असतो, मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन पट. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर राहतो. ०.३ गुणिले ३०० म्हणजे ९० लिटर वायू मुठीत मावेल एवढ्या नळीत कोंबलेला आहे.

फुगा मात्र १५० लिटरचा. शिवाय प्रसरण पावताना वायू थंड होतो आणि सुरुवातीला ९० लिटरहूनही कमी जागा व्यापतो. मग उरलेली हवा कोठून येते? गॅसच्या शेगडीचा बर्नर पाहा. बारीक छिद्रातून वेगाने निघालेला गॅस बाजूच्या भोकांतून हवा आत ओढून घेतो. प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर असाच चालतो. या पिशवीतही वेगवान झोत बाहेरची हवा आपल्याबरोबर आत खेचतो. त्यामुळे सिलिंडर लहान ठेवता येते.

असा दाब निर्माण करण्यासाठी खर्च केलेली ऊर्जा नळीत साठून राहते. नळी एकदम फुटली तर ढोबळ हिशोबाने सुमारे १८ किलोज्यूल ऊर्जा क्षणात बाहेर पडेल. ६० किलोच्या माणसाला ३० मीटर, म्हणजे दहा मजले उचलायला एवढी ऊर्जा पुरते. किंवा असे पाहू: नळीचे तोंड तुटून एक चौरस सेंटिमीटरचे भोक पडले, तर नळीवर सुमारे ३,००० न्यूटन बल येईल. ते ३०० किलो वजनाइतके आहे. अर्धा किलोच्या आसपास वजनाची नळी त्या बलाने बाणासारखी सुटेल.

म्हणून भाचीचे म्हणणे रसायनशास्त्रात बरोबर आणि भौतिकशास्त्रात चूक होते. नायट्रोजन जळत नाही आणि विषारी नाही, हे खरे. धोका वायूच्या जातीत नाही, त्याच्या दाबात आहे. दगड निरुपद्रवी असतो, पण गलोलीत ताणून धरलेला दगड तसा नसतो.

उंचावर गेल्याने नळी फुटते का?

"वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून सिलिंडर फुटते" असे उत्तर अनेक सुशिक्षित माणसेही देतात. वर्गात हे उत्तर आले तर ते आकड्यांनी तपासून पाहावे.

प्रवासी विमान ११ किलोमीटर उंचीवर असते तेव्हा बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या पाव भागाहूनही थोडा कमी असतो. पण विमानाच्या आत दाब राखलेला असतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या पाऊण पट किंवा थोडा अधिक असतो. सामान ठेवण्याच्या तळघरातही तोच दाब असतो. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. म्हणजे विमानात बसलेला प्रवासी दाबाच्या दृष्टीने जवळजवळ गुलमर्गलाच पोहोचलेला असतो!

चिवड्याचे सीलबंद पाकीट विमानात टम्म फुगते ते यामुळे. आत १ आणि बाहेर ०.७५, हा फरक पातळ पाकिटाला जाणवतो. सिलिंडरला? जमिनीवर आतबाहेरच्या दाबांतला फरक २९९ पट होता, तो वर २९९.२५ पट झाला. वाढ एक हजारांशाहूनही कमी. त्याची नळीला दखलही नसते.

खरी भीती तीन गोष्टींची आहे. पहिली आग. केल्व्हिन मापनातल्या तापमानाच्या प्रमाणात वायूचा दाब वाढतो. ३०० केल्व्हिनला, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला, ३०० पट असलेला दाब १७७ अंशांना ४५० पट होतो. सिलिंडरची चाचणी सहसा नेमक्या दीडपट दाबावर घेतात. आगीत तापमान याच्या कितीतरी पुढे जाते आणि तापलेला धातू कमकुवतही होतो. दुसरी भीती म्हणजे सामान आदळआपट होताना तोंड तुटणे. तिसरी, चुकून मूठ ओढली जाणे. गच्च भरलेल्या कक्षात दीडशे लिटरचा फुगा तीन सेकंदांत फुगला तर काय गोंधळ होईल याची कल्पना करता येईल.

नियम काय म्हणतो?

घातक पदार्थांची विमान वाहतूक कशी करावी याच्या तांत्रिक सूचना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना काढते. भारतातही २००३ साली यासाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. या सूचनांमध्ये हिमस्खलनाच्या पाठपिशवीचा नावानिशी उल्लेख आहे आणि ती नेण्यास सवलत आहे! अटी अशा: माणशी एकच पिशवी; सिलिंडरमध्ये न जळणारा व बिनविषारी वायू; मूठ ओढल्यावर वायू सोडण्यासाठी काही बनावटींत स्फोटक चाप असतो, त्यातले स्फोटक २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको; चुकून सुरू होणार नाही अशी बांधणी; फुग्याला जादा दाब सोडणारी झडप; आणि विमान कंपनीची पूर्वसंमती. आधी पाहिलेल्या तीन भीतींशी या अटी जुळवून पाहिल्या तर एकही अट निरर्थक वाटत नाही.

मग सिलिंडर का काढून घेतले? येथे दोन वेगळ्या चाळण्या आहेत. पहिली अपघात टाळण्याची, ती विमान कंपनी पाहते. दुसरी घातपात टाळण्याची, ती सुरक्षा कर्मचारी पाहतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर त्यांना दिसते ती जाड भिंतीची धातूची नळी, तिला जोडलेली तार आणि चाप. ज्याने आयुष्यात असे उपकरण पाहिलेले नाही, त्याने ते अडवले तर त्याला दोष देता येत नाही. तेथे फोनवरचे "हो" कामाला येत नाही, कागद लागतो. काही देशांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. म्हणून प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी चौकशी करावी लागते.

या अडचणीवर एक तांत्रिक तोडगाही निघाला आहे. २०१४ पासून विजेच्या पंख्याने फुगणाऱ्या पिशव्या बाजारात आल्या. त्यांत सिलिंडरच नसते. मात्र विद्युतघट असतो, आणि त्याचे नियम निराळे आहेत.

बाकीचे सामान

लिथियम-आयन घट. मोबाइल, पॉवर बँक, विजेवर गरम होणारे हातमोजे आणि डोक्यावरचा दिवा या सगळ्यांत हे घट असू शकतात. आत शॉर्ट सर्किट झाले की घट तापतो, त्या उष्णतेने आतल्या अभिक्रिया अधिक वेगाने होतात आणि तो आणखी तापतो. ही साखळी सुरू झाली की थांबवणे कठीण. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू बोइंग ७४७ मध्ये लिथियम घटांच्या मालाला आग लागली. विमान कोसळून दोन्ही वैमानिक मरण पावले. तळघरातली अग्निशामक यंत्रणा ज्वाळा दाबू शकते, पण घटाच्या आतली उष्णता काढू शकत नाही. प्रवासी कक्षात मात्र धूर लगेच दिसतो आणि पाणी ओतून घट थंड करता येतो. म्हणून सुटे घट आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायच्या. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. हिशोब सोपा आहे: २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॉट-तास.

शोधयंत्र. हे खिशातल्या रेडिओएवढे यंत्र सेकंदाला साधारण एक याप्रमाणे ४५७ किलोहर्ट्झ वारंवारतेचे स्पंद सोडते. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ उघडलेल्या शिक्षकांना त्यातला ४५५ किलोहर्ट्झचा मधला टप्पा आठवेल. त्याच्या शेजारचाच हा आकडा. या लहरींची लांबी सुमारे ६५६ मीटर आहे आणि बर्फ त्यांना जवळजवळ अडवत नाही. इतक्या जवळच्या अंतरावर चुंबकी क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अंतर निम्मे झाले की संकेत आठपट होतो, म्हणून शोधणाऱ्याला जवळ येत असल्याचे चटकन कळते. यंत्राला बहुधा तीन बारीक पेन्सिल सेल लागतात. विमानातून नेताना यंत्र बंद ठेवावे. सेल काढावे लागले तर ते मूळ वेष्टनात ठेवावेत आणि पोहोचल्यावर नवे घालावेत. डोंगरावर मोबाइल त्यापासून दूर ठेवावा: एरवी किमान २० सेंटिमीटर, शोध घेताना ५० सेंटिमीटर.

शोधकाठी, फावडे, आइस अ‍ॅक्स, बुटाखालचे काटे, स्कीच्या काठ्या. हे सगळे टोकदार किंवा दणकट असल्याने तळघरातल्या सामानात जाते. कोणी म्हणेल, फावडे तेथेच उसने घेऊ. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा खणायचा तर घनमीटरला ४०० किलो या दराने ९०० किलो बर्फ उपसावा लागतो, तोही पंधरा मिनिटांत. फावडे ज्याचे त्याच्या पाठीवरच हवे.

स्वयंपाकाचा गॅस. स्टोव्हची भरलेली डबी कोणत्याही सामानात चालत नाही आणि यात कोणाचीही संमती उपयोगी पडत नाही. २३० ग्रॅम ब्यूटेन म्हणजे सुमारे ४ मोल, साधारण ९५ लिटर वायू. हवेत ब्यूटेनचे प्रमाण १.८ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एक डबी पाच हजार लिटरहून अधिक हवा ज्वालाग्राही करू शकते. नायट्रोजनला सवलत आणि ब्यूटेनला मनाई, हा फरक येथे आहे. बुटांना जलरोधक करणारे ज्वालाग्राही फवारेही याच कारणाने घरी ठेवावेत.

प्राणवायू. महाराष्ट्राचे सुरेंद्र चव्हाण यांनी १९९८ मध्ये एव्हरेस्ट गाठले, पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ने २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनगंगा मोहीम यशस्वी केली. अशा मोहिमांना प्राणवायूची सिलिंडरे लागतात. ती प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. घातक माल म्हणून रीतसर नोंदवून पाठवावी लागतात किंवा मोहिमेच्या देशातच घ्यावी लागतात. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण आगीला पोसतो. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत व्हॅल्यूजेटच्या विमानात तळघरात ठेवलेल्या प्राणवायू-जनित्रांमुळे आग भडकली आणि ११० जण मृत्युमुखी पडले.

उपग्रह फोन. हा तसा स्फोटक नाही, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी छोटी यंत्रेही यात येतात. परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने दिलेले असे यंत्र सामानात असेल तर ते आधी बाहेर काढावे. यामुळे अनेक प्रवाशांची विमानतळावर चौकशी झाली आहे.

निघण्यापूर्वी

हिमालयात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी पुढील गोष्टी जरूर सांगाव्यात.

१. फुग्याच्या पिशवीसाठी प्रत्येक विमान कंपनीची लेखी संमती किमान दोन आठवडे आधी मागावी. बनावट, वायूचे नाव, दाब आणि वजन अर्जात लिहावे.
२. संमतीपत्र, उत्पादकाची माहितीपत्रिका आणि संबंधित नियमाची प्रत छापून बरोबर ठेवावी.
३. सिलिंडर पिशवीपासून सोडवून तोंडावर झाकण बसवावे. मूठ वेगळी बांधावी.
४. प्रवेशाच्या खिडकीवर आपणहून सांगावे. तपासनिसाला ते पडद्यावर प्रथम दिसू नये.
५. वेळ हाताशी ठेवावा. घाईत दिलेले स्पष्टीकरण कोणालाच पटत नाही.
६. एवढे करूनही सिलिंडर अडकले, तर पुढचा बेत काय हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

सर्वांत महत्त्वाचे सहावे कलम आहे. हिमस्खलनाच्या संकटात पहिले साधन असते माहिती. मनालीत १९६९ साली स्थापन झालेल्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेने या विषयावर अनेक दशके काम केले. २०२० मध्ये ती संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीन झाली. हिमस्खलनाच्या धोक्याचे इशारे तेथून दिले जातात. इशारा पाहून वरच्या उतारावर न गेलेल्या माणसाला फुगा लागतच नाही.

वर्गात करून पाहा

एक. काचेच्या बरणीच्या तळाशी दोन सुपाऱ्या ठेवा, वर अर्धी बरणी रवा भरा. झाकण लावून बरणी उभीच ठेवून वरखाली हलवा. सुपाऱ्या रव्यापेक्षा जड असूनही वर येतात. त्या का येतात, हे आधी मुलांना सांगू देऊ नका. त्यांना अंदाज लिहायला सांगा.

दोन. नाशिकहून मुंबईला जाताना प्लास्टिकची रिकामी बाटली नाशिकलाच घट्ट बंद करा. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर, तेथे दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास सात टक्के कमी. कसारा घाट उतरून कल्याण गाठेपर्यंत बाटलीची बाजू आत दबलेली दिसेल. एक लिटरच्या बाटलीतली हवा सुमारे ७० मिलिलिटरने आक्रसते. तापमानातील फरकाचा परिणाम वेगळा कसा काढायचा, हा पुढचा प्रश्न वरच्या वर्गासाठी.

भाचीला त्या सकाळी मी एवढे सगळे सांगितले नाही. फक्त म्हणालो, "सिलिंडर गेलं ते विसर. पोहोचलीस की प्रशिक्षकांना पहिल्यांदा हेच सांग. शोधयंत्रात नवे सेल घाल." तिने तसे केले. दुसऱ्या आठवड्यात वर्गातली काही मुले गोंडोलाने वरच्या टप्प्यावर गेली, तेव्हा प्रशिक्षकांनी तिला खालच्या उतारावर ठेवले. तिला वाईट वाटले, पण ती थांबली. वरच्या उतारावर त्या दिवशी काहीच घडले नाही. सगळे संध्याकाळी सुखरूप परतले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मामा, तिथे थांबले ते फुकटच गेलं ना?" मी म्हटले, "नाही. काही घडलं नाही म्हणून निर्णय चुकला असं होत नाही. आगपेटी न पेटता घरी आली म्हणून ती रॉकेलशेजारी ठेवायची नसते."

पुढच्या हिवाळ्यासाठी तिने विमान कंपन्यांना पत्रे नोव्हेंबरातच लिहिली. त्यात सिलिंडरचे आकारमान, वायू आणि दाब यांचा तक्ता होता. खाली तिने स्वतःच एक ओळ घातली होती: हवाच आहे, पण तीनशे पट दाबलेली.